गोग्रास
जखमा धुवायच्या कार्बोलिकचा वास आला की मला ठाण्यातलं आमचं मागलं अंगण आणि तिथं बांधलेली शेळी आठवते. वन्संच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती आणि जखम भरताना आतली आतडी एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे दोन घास पोटात गेले की त्या कळांनी तळमळायच्या. हे डॉक्टर, पण पोट पुन्हा उघडून आतडी सोडवली तरी ती परत चिकटतील, ही यांना धास्ती. म्हणून यांनी आधी शेळीचं पोट उघडलं, आतडी मुद्दाम खरवडली, ती चिकटू नयेत म्हणून उकळून निववलेलं तेल आत सोडलं आणि टाके घातले. वन्सं त्या दिवसापासून आपला गोग्रास शेळीला घालू लागल्या. "वहिनी, माझ्याआधी ती जातेय," म्हणायच्या. महिन्याभराने यांनी क्लोरोफॉर्म देऊन शेळीचं पोट पुन्हा उघडलं, तेव्हा मी शेजारी गरम पाणी घेऊन उभी होते. आतडी पिळून ठेवलेल्या ओल्या लुगड्यासारखी एकमेकांत गुंतून घट्ट झाली होती. शेळी शुद्धीवर आलीच नाही. हे कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले. माजघरातून वन्संनी विचारलं, "दादा, काय दिसलं रे?" "सगळं मोकळं आहे गं." "मग माझं कधी?" "दिवाळी होऊ दे." वन्सं हसल्या आणि पानातला घास माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "आज तिला तूपभात घाला." मी तो घेऊन अंगणात गेले. तिथं दावं नुसतंच खुंट्याला लोंबत होतं. अजूनही गोग्रास हातात घेतला की माझे पाय उंबऱ्याशीच अडतात.