पाण्याखालचं उष्टं

रबरी पोशाख घालून मी आमच्या दिवाणखान्यात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बाहेर सुरतचा मे महिना होता आणि आत वीज गेली होती. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळंकुट्ट, अंगाला चिकटलेलं रबर आणि पायांत हात-हातभर लांब फिन्स. बायको सोफ्यावर बसून ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या डब्यात रचत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे विमानात नेणार, की घालूनच बसणार?"

"घालून बसलो तर वजनात धरत नाहीत," मी म्हणालो. खरं म्हणजे मी हा विचार केला होता.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. फटाक फटाक करत मी दार उघडायला गेलो. समोर शेजारच्या बेन, हातात आमचाच परत करायचा डबा. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"हाय हाय! भाई, आ शुं? हजीराना कारखानामां नोकरी लागी?"

मी कमरेत वाकून मुजरा केला. बायकोने कपाळाला हात लावला.

नोकरी लागली नव्हती, उलट सोडली होती. बँकेतल्या खुर्चीला रामराम ठोकून आम्ही दोघं अडीच महिने फिरायला निघणार होतो. आधी अंदमान, मग श्रीलंका, शेवटी इंडोनेशिया. मालवणला आम्ही पाण्याखाली उतरायला शिकलो होतो, पन्नाशी ओलांडल्यावर. पण दोघांनी मिळून उतरायचं, हे माझं स्वप्न एका मास्कवर अडकलं होतं.

झालं असं, की मालवणच्या शेवटच्या डुबकीत बायकोचा भाड्याचा मास्क गळला. तिचा चेहरा निमुळता, मास्क कुणाच्या तरी ऐसपैस चेहऱ्याचा. डोळ्यांत, नाकात खारं पाणी गेलं, ती धडपडत वर आली आणि होडीत बसून म्हणाली, "तुम्ही खुशाल जा. मी किनाऱ्यावर पुस्तक वाचीन."

तिला पाणी आवडलं नव्हतं असं नाही. खाली गेलं की नवऱ्याच्या तोंडात नळी असते आणि तो सलग अर्धा-पाऊण तास बोलत नाही, हे सुख तिला संसारात दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. ते असं हुकलं याचंच तिला जास्त वाईट वाटलं होतं.

मग मी तिला मुंबईच्या एका दुकानात नेलं. एकेक मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. बरेच मास्क धपाधप खाली पडले. एक मात्र पट्ट्याशिवाय नुसता चेहऱ्याला धरून राहिला. ती माझ्याकडे वळली तेव्हा एखाद्या माशासारखी दिसत होती, आणि हसत होती. "एकदा उतरून बघते," ती म्हणाली. "हा गळला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

त्याच दुकानात मी माझ्यासाठी सगळंच घेतलं. पोशाख, फिन्स, हवेचं जाकीट, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा नळ्यांतून तोंडापर्यंत आणणारं यंत्र. घरी आल्यावर तोलकाट्यावर बॅग ठेवली तेव्हा कळलं की विमानात जेवढं वजन नेता येतं ते हे सामानच खाऊन टाकणार.

"आणि माझ्या बिबड्या? कळण्याच्या भाकरीचं पीठ? मसाला?" बायकोने विचारलं. "अडीच महिन्यांत पाण्यात उतरणार मोजके दिवस. बाकीचे दिवस ही ओली रबरं घेऊन डोंगरावर चढायचं? तिथे सगळं भाड्याने मिळतं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी सुरक्षिततेवर भाषण दिलं, आपल्या यंत्राची ओळख, अंगाला बसणारं माप, परदेशातल्या दुकानांचा भरवसा वगैरे. टाळ्या पडाव्यात असं भाषण होतं. ती शांतपणे डब्याचं झाकण लावत म्हणाली, "खरं सांगा. लोकांच्या तोंडातली नळी तोंडात घालायची किळस येते ना?"

मी फिन्सची पट्टी उगीच ओढून पाहिली.

"उष्टं!" ती आनंदाने ओरडली. "एवढे शिकलेले, एवढे फिरलेले, आणि समुद्राच्या तळाशी जाऊन उष्टं-खरकटं!"

"मालवणला कसं केलं ते माझं मला माहीत," मी म्हणालो. "प्रत्येक श्वासाला वाटायचं, आधीच्या माणसाने सकाळी काय खाल्लं असेल."

"लग्नात सगळ्यांसमोर माझ्या हातचा अर्धा लाडू खाल्लात तो?"

"तो तुझा होता."

यावर ती जराशी लाजली, पण बिबड्यांचा डबा काही बॅगेबाहेर निघाला नाही.

आमच्या मागे घर सांभाळायला सासरे सुरतच्याच गोडादऱ्याहून राहायला आले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांचं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलं. अजून ते घरात ओरडूनच बोलतात आणि त्यांच्या पिशवीत तेलाची कुपी असते. आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी दाराच्या बिजागऱ्या, मग पंखा, मग शिलाई मशीन. तेलाविना राहिलेलं यंत्र त्यांना उपाशी लेकरासारखं दिसतं.

दुपारी आम्ही बाजारातून परत आलो तर बाल्कनीत मांडून ठेवलेलं माझं सगळं सामान चकाकत होतं. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, एखादा माग सुरू करून दिल्यासारखे प्रसन्न.

"जवाईबापू, तुमनं मशीन पार कोल्लं पडेल व्हतं," ते गरजले. "तेल टाकं मी. नळीमा बी टाकं."

नळीत! ज्यातून मी श्वास घेणार होतो त्या नळीत पॉवरलूमचं तेल! मी नळी उचलून हुंगली. बायको मात्र धावत आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. मला एकदम मास्क आठवला. माझं यंत्र गेलं तर भाड्याचं मिळेल, पण तो चेहरा धरून राहणारा मास्क दुसरा मिळणार नव्हता आणि तिने अट घालून ठेवली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुती साडीत गुंडाळलेला मास्क होता, कोरडा ठणठणीत. "तुमच्या हाती लागू नये म्हणून साड्यांत ठेवला होता," ती म्हणाली. "आप्पांचा विचारच मनात आला नव्हता."

मी मालवणच्या आमच्या शिक्षकाला फोन लावला. तेल म्हणताच तो किंचाळला. "साहेब, त्येका तोंड लावू नकात! तेल छातीत जायत. उघडून साफ करूक देवा, तवर भाड्याचा घेवा." मी चाचरत विचारलं, "पण ते तोंडात धरायचं…" तो हसला. तोंडात धरायचं रबर, म्हणाला, नुसतं एका पट्टीने बांधलेलं असतं. पट्टी कापायची, आपलं नवं रबर बसवायचं. खिशात मावतं. मास्क आपला, तोंडातलं रबर आपलं, बाकी सगळं भाड्याने. बरेच जण असंच करतात.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कुणी आधी का सांगितली नसेल? बहुधा मी कुणाला बोलू दिलं नसेल.

त्या संध्याकाळी बॅग पुन्हा भरली. माझं मोठं सामान बाहेर, कळण्याचं पीठ आत, मसाला आत, बिबड्यांचा दुसरा डबाही आत. आप्पांना आम्ही काही सांगितलं नाही. यंत्र नाजूक आहे म्हणून घरीच ठेवतोय, एवढंच म्हटलं. "बरं," ते म्हणाले, "मी ध्यान ठीवसू." मी तेलाच्या कुपीकडे पाहिलं.

अंदमानला होडीच्या काठावर बायको मास्क लावून बसली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शिकवल्याप्रमाणे मागच्या मागे पाण्यात पडली, आणि तिच्या पाठोपाठ मी. माझ्या तोंडात माझं स्वतःचं, कुणीही न चावलेलं रबर होतं, तरी माझा श्वास नीट चालत नव्हता. मी तिच्या मास्कच्या काचेकडेच पाहत होतो. काचेच्या तळाशी पाण्याची रेघ दिसते का, एवढंच. रेघ नव्हती. एक मोठा निळा मासा तिच्या समोरून गेला आणि ती त्याच्या मागे गेली, मला मागे टाकून. मला तिला केवढं काय काय सांगायचं होतं! काहीच सांगता येत नव्हतं, आणि तिला ते माहीत होतं.

वर आल्यावर तिने मास्क काढला. आत थेंब नव्हता. तिने डबा उघडला, एक बिबडी मोडली, अर्धी खाल्ली आणि तिच्या दाताने तुटलेला तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो तोंडात टाकला. तो चावून होईपर्यंत ती होडीवाल्याकडे वळलीसुद्धा होती.

"भैया, दूसरी डाइव कितने बजे है?"