माशीवाल्या अक्का

अक्का गाडी चालवायला बसायच्या आधी चपला काढायच्या. नीट उचलून सीटच्या मागे ठेवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि मग अनवाणी पायाने क्लच दाबायच्या. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, नव्या गाडीत माती नको म्हणून असेल. मी तसं बोलूनही दाखवलं.

"माती पुसता येती, बाबा," अक्का म्हणाल्या. "चप्पल घातली की पायाला गाडी कळत न्हाई."

मी तेव्हा नगरजवळ नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांच्या एका वर्कशॉपात नोकरीला होतो. गाडीमालकाची तक्रार ऐकून घ्यायची, ती कॉम्प्युटरवर भरायची, गाडी मेकॅनिकच्या ताब्यात द्यायची आणि संध्याकाळी परत देताना काय झालं होतं ते मालकाला कळेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं काम. आमच्याकडे बायका यायच्या त्या नवऱ्याबरोबर, आणि येऊन पंख्याखालच्या बाकावर बसायच्या. त्या दिवशी बाकावर नवरा जाऊन बसला आणि अक्का काउंटरवर आल्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, रापलेला चेहरा, हातांवर बारीक बारीक डागांचे ठिपके. ते मधमाश्यांच्या डंखांचे होते, हे मला नंतर कळलं.

अक्का तिसगावच्या. घरची कोरडवाहू शेती. सरकारी प्रशिक्षणात मधमाश्या पाळायला शिकल्या आणि त्यातच रमल्या. डाळिंबाला फुलं आली की पेट्या डाळिंबात न्यायच्या, कांद्याचं बी धरणाऱ्यांची शेतं फुलली की तिकडे हलवायच्या. माशा फुलांवर फिरल्या की शेतकऱ्याचं पीक भरतं आणि अक्कांच्या पेट्यांत मध साठतो. पण पेट्या हलवायला भाड्याचा टेम्पो लागायचा, आणि टेम्पोवाले माशांना भ्यायचे. एकदा एका पेटीची फट राहिली, चार माशा केबिनमध्ये शिरल्या, तर चालक टेम्पो भर रस्त्यात सोडून उसात पळाला. अक्कांनी तो टेम्पो स्वतः चालवत मुक्कामाला नेला. ट्रॅक्टर त्यांना येतच होता. त्यानंतर त्यांनी नवी कोरी पिकअप घेतली, तीही जास्तीत जास्त वजन पेलणारी.

"बारकी का न्हाई घेतली, असं समदे इचारत्यात," त्या म्हणायच्या. "मी म्हनते, माझ्या माशा वाढनार हायेत. गाडी वाढनार हाय का?"

गाडी घरी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात अक्कांनी तिच्यात बदल सुरू केले. माल न्यायची गाडी. पेट्यांसारखं हलकं ओझं असलं की खड्ड्याखड्ड्यांत उडायची. तेवढे हादरे माशांना चालत नाहीत. म्हणून हौद्यात जाड रबर अंथरलं, पेट्या हलू नयेत म्हणून लोखंडी खण करून घेतले, वारा खेळावा म्हणून बाजूच्या पत्र्यांच्या वर जाळी बसवली. साडीत चढता यावं म्हणून दाराखाली एक जास्तीची पायरी जोडली. पेट्यांवरची गोणपाटं भिजवायला पाणी लागायचं, त्यासाठी हौद्याच्या खाली एक लांबोडकी टाकी अडकवली आणि तिला नळ लावला. शेवटी गावातल्या पेंटरकडून मागे लिहून घेतलं, 'मधमाश्या आहेत, अंतर ठेवा'. शेजारी त्याने मधमाशी काढली, ती पार गोमाशी दिसत होती. तेव्हापासून गाडीला सगळे माशीवाली गाडी म्हणायला लागले आणि अक्कांना माशीवाल्या अक्का. बाकावर बसणाऱ्या त्यांच्या यजमानांना, दत्तोबांना, आम्ही सगळे दाजी म्हणायचो. दाजी फारसे बोलत नसत. अक्का बोलत असल्या की ते नुसते हसत असत.

अक्कांची तक्रार अशी होती, की गाडी करंजीच्या घाटात दम सोडते. सपाटीला पळते, उताराला पळते, पण तिसगावकडून नगरला येताना चढ लागला की ओढ जाते, कधी कधी बंदच पडते. आम्ही गाडी मशीनला जोडली. डिझेलचा दाब मध्येच कमी झाल्याची नोंद सापडली, म्हणून फिल्टर बदलला. आठवड्याने अक्का पुन्हा हजर. मग टाकी साफ केली, पंप तपासला. पुन्हा हजर. शेवटी आमचे जुने मेकॅनिक रफिकभाई वाळूची पोती भरून गाडी घेऊन गेले आणि घाट चढून आले. गाडी हूं की चूं न करता चढली.

"गाडीत काही नाही, अक्का," रफिकभाई म्हणाले.

"तुमचं मशीन म्हनतं गाडी बरी हाय, तुमी म्हनता गाडी बरी हाय," अक्का सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मंग आजारी मी हाय व्हय? वय झालं तुमचं, रफिकभाई. कान गेले तुमचे."

रफिकभाई हात पुसत आत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

त्यानंतर अक्कांनी माझ्या मागे लकडा लावला. फेब्रुवारीत डाळिंबातल्या पेट्या उचलून देवळाली प्रवराला कांद्याच्या शेतात न्यायच्या होत्या. "तू गाडीत बस. तुझ्या डोळ्यादेखत बंद पडूं दे. मंग लिव्ह कायबी." देवळाली माझंच गाव. एवीतेवी रविवारी घरी जायचंच होतं. मी आदल्या संध्याकाळी तिसगावला मुक्कामाला गेलो.

उजाडायच्या आत माशा पेट्यांत असताना दारं बंद करून पेट्या भरायच्या आणि ऊन तापायच्या आत पोचायचं, असा त्यांचा शिरस्ता. पण त्या दिवशी एक पेटी भरताना तळ सुटला. ती बांधण्यात उशीर झाला आणि निघेपर्यंत ऊन वर आलं. केबिनमध्ये आम्ही तिघं. अक्का चालवत होत्या, मी मध्ये, दाजी खिडकीशी. घाट सुरू झाला. अर्ध्या चढावर इंजिन कचरलं, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

"बघ," अक्का म्हणाल्या. त्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. तो पुढच्या क्षणी गेला, कारण मागून पेट्यांचा आवाज यायला लागला. गाडी चालू असते तोवर वारा लागतो. गाडी थांबली, की बंद पेटीत हजारो माशा आणि वर ऊन. आधी गुणगुण होती, मग घरघर झाली.

दाजींनी चाकांमागे दगड लावले आणि ते गमछा हलवत वळणावर जाऊन उभे राहिले. मी स्टार्टर मारून पाहिला, बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा हातपंप दाबला. डिझेल येत नव्हतं. अक्का टाकीच्या नळाखाली बादली धरून पाणी काढायच्या आणि गोणपाटांवर ओतायच्या. पाणी ओतलं की घरघर थोडी बसायची, पुन्हा चढायची.

"आत मेण मऊ व्हाया लागलं आसंल," त्या म्हणाल्या. "पोळं खचलं की समद्या मधात बुडून मरत्यात. तू बघ काय हुतं ते. न्हाई जमलं तर मी दारं उघडते."

"इथं? रस्त्यावर? माणसांना चावतील."

"म्हनून तर थांबले हाय ना!"

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. माशा सोडल्या असत्या तर त्या अनोळखी डोंगरात उधळून गेल्या असत्या, पेट्या पुन्हा भरल्या नसत्या. आणि दुचाकीवरून लेकराबाळांसह जाणारी माणसं तर सारखी येत होती. मी गाडीखाली शिरलो. डिझेलचा पाइप हाताने चाचपत टाकीपासून पुढे यायला लागलो. वर अक्कांच्या बादल्या चालूच होत्या. तेवढ्यात माझ्या डोक्याशी 'टक्' असा आवाज झाला. वर पाहिलं, तर पाण्याची टाकी ज्या लोखंडी पट्टीत अडकवली होती ती पट्टी वर उचलली गेली होती. आणि तिच्याखाली डिझेलचा पाइप चपटा झालेला होता.

मग सगळं एकदम उलगडलं. टाकी पाण्याने भरली, की पट्टी वाकायची. चढाला सगळं पाणी मागे जायचं, पट्टी आणखी खाली बसायची आणि पाइप दाबला जायचा. वर्कशॉपला येताना टाकी रिकामी असायची. रफिकभाईंनी पोती भरली, पाणी कोण भरणार? आता बादल्या काढता काढता टाकी हलकी झाली होती.

मी पट्टीचा नट सोडला, टाकी रस्त्यावर उतरवली, हातपंप दाबत राहिलो. "अक्का, मारा स्टार्टर!"

इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. दाजी वळणावरून पळत आले. अक्का खाली उतरल्या, वाकून तो चपटा पाइप त्यांनी पाहिला, ती पट्टी पाहिली. पट्टी त्यांनीच सांगून लावून घेतली होती. सावलीत पाणी गार राहतं म्हणून जागाही त्यांनीच दाखवली होती.

"म्हंजी, मीच तिचा गळा धरला हुता," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही देवळालीला पोचलो. कांद्याचं शेत पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं होतं. पेट्या बांधावर मांडून दारं उघडली, तसा माशांचा लोट बाहेर पडला. दोन पेट्यांतून काहीच बाहेर आलं नाही. अक्कांनी झाकण काढलं, तळाशी साचलेल्या मेलेल्या माशा ओंजळीत घेतल्या आणि तिथेच खाली बसल्या. दाजी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. शेतकरी काही विचारायला पुढे येत होता, त्याला मी हाताने थांबवलं.

सोमवारी सकाळी वर्कशॉप उघडलं तेव्हा माशीवाली गाडी दारात उभी होती. मला वाटलं, पाइप बदलून घ्यायला आल्या असतील. अक्का सरळ आत गेल्या, जिथे एरवी गिऱ्हाइकांना जाऊ देत नाहीत तिथे, आणि सगळे मेकॅनिक होते त्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"रफिकभाई, त्या दिवशी मी समद्यांम्होरं बोलले, म्हनून आज समद्यांम्होरं सांगते. गाडीत खोट न्हवती. तुमच्या कानातबी न्हवती. मी टाकी लावली, तिनं पाइप दाबला. माझ्या माशा माझ्या हातानं मेल्या. मला माफ करा."

रफिकभाई पार अवघडून गेले. "अक्का, मी पण ती टाकी पाहिली होती ना," ते म्हणाले. "वाकून पाहिली असती तर..."

"ते तुमचं तुमी बघा. माझं मी बोलले."

वर्कशॉपच्या नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली. चूक आमची निघाली की आवाज चढवणारी आणि स्वतःची निघाली की निम्म्या आवाजात बोलणारी. जेवढ्या आवाजात आरोप केला तेवढ्याच आवाजात माफी मागणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. पुढे माझ्या हाताखाली माणसं आली. रागाच्या भरात कुणाला चारचौघांत बोललो, की मला अक्का तिथे मध्ये उभ्या दिसतात आणि मला माफीही चारचौघांतच मागावी लागते.

रफिकभाईंनी ती टाकी केबिनच्या मागे, वेगळा पाया करून बसवून दिली. त्यानंतर अक्का गाडीला काही करायचं म्हटलं की आधी रफिकभाईंना विचारायच्या आणि मग त्यांच्याशी भांडायच्या. ते भांडण दोघांनाही आवडत असावं. रफिकभाई निवृत्त झाले तेव्हा अक्कांनी सगळ्या वर्कशॉपला मध वाटला.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी अक्कांना एक माशी चावली. वर्षानुवर्षं शेकडो माशा चावलेलं ते अंग, पण त्या वेळी ओठ सुजले, श्वास अडकला. दाजींनी शेजाऱ्याच्या गाडीत घालून नगरला दवाखान्यात आणलं म्हणून वाचल्या. कधी कधी असं उलटतं म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, आता माशांजवळ जायचं नाही. मी भेटायला गेलो, तर खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या.

"एवढी वर्सं त्यान्ला माझा वास चालला," त्या म्हणाल्या. "आता न्हाई चालत. आसूं दे. घर त्यांचंबी हाय."

पेट्या विकाव्यात असं सगळ्यांनी सुचवलं. पण साठीला टेकलेले दाजी, ज्यांनी कधी सायकलीपुढे काही चालवलं नव्हतं, ते म्हणाले, मी गाडी शिकतो. आणि शिकले. पेट्या भरायला, उघडायला दाजी. अक्का केबिनमध्ये काचा बंद करून बसायच्या आणि मागच्या काचेतून बघायच्या. अशी तीन-चार वर्षं त्या दोघांनी काढली. गाडीचा रंग उडाला, पेंटरची माशी निम्मी पुसली गेली.

गेल्या दिवाळीआधी अक्का गेल्या. सकाळी चहा करताना चक्कर आली, डोक्यात रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी तिसगावला गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी माझा हात धरला.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. देवळालीला पेट्या न्यायच्या होत्या. "तुमी येता का संगं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, पेट्या उतरवायला माणूस हवा असेल. मी गेलो. पेट्या भरून झाल्या, दाजी चालवायला बसले, मी शेजारी बसलो. गाडी गावाबाहेर पडली, पण वेग वाढेना. इंजिन ओरडत होतं आणि दाजी अजून दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

"काय झालं, दाजी?"

"मला आवाजावरनं कळत न्हाई," दाजी समोर बघत म्हणाले. "ती सांगायची. आता दुसरा टाका, आता तिसरा टाका. मी नुसता टाकायचो."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. मागे पेट्यांची गुणगुण चालू होती. मी इंजिनाकडे कान दिला.

"तिसरा टाका, दाजी," मी म्हणालो.

दाजींनी क्लच दाबला आणि तिसरा टाकला.