न काळं पडणारं केळं

चाकू तसा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पांढराशुभ्र, इतका हलका की हातात घेतल्यावर खेळण्यातला वाटावा. पण पिकलेल्या टोमॅटोवर नुसता टेकवला तरी साल अलगद दुभंगायची. सिरॅमिकचा होता. गंजायचा नाही, धुतल्यावर त्याला कांद्याचा वास राहायचा नाही. एवढं सगळं खरं होतं आणि एवढ्यावरसुद्धा तो विकला गेला असता.

मी नायगावला राहते. ज्या क्लासचं ऑफिस मी सांभाळायचे तो बंद पडला. काही महिने घरी बसल्यावर ओळखीतून हे काम मिळालं. वसई-विरारच्या हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं भरतात, तिथे टेबल मांडून चाकूचं प्रात्यक्षिक दाखवायचं. आधी दोन दिवस ट्रेनिंग झालं. शिकवणारा गोड बोलायचा. त्याने आमच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. अवकाशयानात वापरतात ते मटेरियल. जन्मभर धार लावायला नको. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: या चाकूने कापलेलं फळ काळं पडत नाही, कारण त्याला लोखंड लागतच नाही.

"पण सर, सफरचंद काळं पडतंच की," मी म्हटलं.

तो हसला. "बोर्ड पुसायचं फडकं ओलं ठेवायचं, मॅडम. लिंबाच्या पाण्यात. दर वेळी बोर्ड पुसायचा, चाकू पुसायचा. स्वच्छता दिसते आणि कामही होतं."

बाकीच्या मुली हसल्या. मीही हसले.

इथपर्यंतचं पाप त्याच्या नावावर टाकता येईल. पुढचं माझं आहे. पहिल्या दोन प्रदर्शनांत सफरचंदाने कुणी फारसं चकित झालं नाही. माझं माहेर वसईजवळच्या होळी गावचं, केळीच्या वाडीतलं. आमच्या भागात कच्चं केळं कापलं की बघता बघता काळं पडतं, हे लहान पोरालाही ठाऊक. मला वाटलं, सफरचंद कशाला, केळंच घेऊ. घरी तीन संध्याकाळी मी प्रयोग केले. साध्या लिंबाच्या पाण्याने भागत नव्हतं. नुसता रस घेतला, फडकं दोनदा बुडवलं, चकत्या फडक्यावरच पसरल्या, तेव्हा जमलं. अर्धा तास केळं पांढरं राहिलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, याची आज लाज वाटते.

केळ्याने टेबलाभोवती गर्दी जमू लागली. बायका चकत्या उचलून वास घेतील की काय म्हणून मी बाजूला पुदिन्याची जुडी ठेवायचे.

वसईच्या प्रदर्शनात माझी आत्या आली. वडिलांची सख्खी बहीण, होळीलाच दिलेली. तिचे यजमान गेल्यापासून ती घरच्या केळ्यांचे वेफर्स करून विकायची. लग्न, बारसं, सण, काहीही असलं की आजूबाजूच्या गावांतून तिला ऑर्डर यायची. तिच्या वेफर्सना यंत्राच्या वेफर्ससारखी कागदी जाडी नसायची. हाताने कापायची, दाताला लागतील असे. कापलेल्या चकत्या मीठ-हळदीच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. मग फडक्यावर सुकवायच्या. कितीही सुकवल्या तरी पाणी राहतंच, आणि कढईत पडल्या की तेल उडतं. आत्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही जुने पांढुरके, काही ताजे.

ती गर्दीत मागे उभी राहून माझं सगळं बोलणं ऐकत होती. चेहऱ्यावर कौतुक. गर्दी पांगल्यावर पुढे आली आणि चकतीकडे बघत राहिली.

"बाय, हे पाण्यात नाही टाकलंस?"

"नाही."

"मग असंच थेट तेलात सोडता येईल?"

तिच्या हातावरचे डाग मला तेव्हा दिसत होते. तोच हात तिने टेबलावर टेकवला होता. बाजूला माझी सुपरवायझर उभी होती. मी म्हटलं, "येईल की."

आत्याने मोठा चाकू घेतला. मी कमी भावात देते म्हटलं तर ऐकेना. "तुझा धंदा आहे. पूर्ण भावानेच घेणार," म्हणाली, आणि सोबत आलेल्या दोघी शेजारणींना ओढून आणून म्हणाली, "माझी भाची आहे. ती खोटं कशाला सांगेल? घ्या तुम्हीपण."

चार दिवसांनी तिचा फोन आला. चकत्या काळ्या पडत होत्या.

सगळं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण मी विचारलं, "आत्या, चाकू नीट धुतेस ना? पाणी विहिरीचं वापरतेस का?"

"विहिरीचंच."

"मग त्यात क्षार असतील. त्याने होत असेल."

"बरं, बघते," ती म्हणाली. पुढचे काही दिवस तिने चाकू पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने धुतला. मग तिला वाटलं केळ्यांतच चीक जास्त आहे, म्हणून विहिरीजवळचे घड सोडून वाडीच्या पलीकडच्या टोकाचे उतरवून घेतले. मग वाटलं, आपला हात मंदावला, म्हणून भराभर कापायला लागली. हे सगळं मला नंतर कळलं. माझं एक वाक्य खरं ठरवण्यासाठी ती बाई आपलं पाणी, आपली केळी आणि आपले हात, एकेकावर संशय घेत गेली.

भराभर कापतानाच ते झालं. शेजारच्या ख्रिस्ती गावातल्या एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला.

"चाकूचं टोक तुटलं गं. देठाकडे जरा पिळला तर कट्कन गेलं. तुकडा चकत्यांत पडलाय. सापडत नाही."

आणि मी काय म्हणाले? प्रदर्शनात तक्रार घेऊन येणाऱ्यांना द्यायचं पाठ केलेलं उत्तर तोंडातून बाहेर पडलं. "चाकू पिळायचा नसतो, आत्या. कागदावर लिहिलेलं असतं. चुकीच्या वापराने तुटला तर वॉरंटी मिळत नाही."

आत्या माझ्याशी कायम आमच्या घरच्या बोलीत बोलायची; इथे मी ते साधं करून लिहिलंय. गिऱ्हाइकांशी, शाळेच्या बाईंशी, बँकेत मात्र पुस्तकी मराठी. ती पुस्तकी मराठीत म्हणाली, "मी वॉरंटी मागितलेली नाही. तुला कळावं म्हणून सांगितलं. ठेवते."

फोन ठेवल्यावर मला बसवेना. रिक्षा केली आणि होळी गाठलं.

ती ओटीवर बसली होती. समोर चार पराती, चकत्यांनी भरलेल्या. एकेक चकती उचलून ती दोन बोटांत फिरवून बघत होती आणि रिकाम्या टोपात टाकत होती. पांढऱ्या चाकूचा पांढरा तुकडा, पांढऱ्या केळ्यांत. स्टीलचा असता तर चमकला असता. मी चप्पल काढून तिच्यासमोर बसले आणि दुसरी परात ओढली. दीड-एक तास आम्ही तशाच बसलो होतो. चकत्या आमच्या हातात हळूहळू काळ्या होत गेल्या, आणि माझी बोटं चिकाने. दोन परातींत काही सापडलं नाही. तिसरीत नाही. चौथी संपत आली तेव्हा आत्या थांबली.

"सापडला असता तरी अजून एखादा बारीक कण नसेल कशावरून?" ती म्हणाली. "लग्नात पोरं असतात खायला."

तिने सगळं उचलून वाडीतल्या खतखड्ड्यात ओतलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे."

तेवढ्यात नवरीची आई चौकशीला आली. माल संध्याकाळी न्यायचा होता, म्हणून पिशव्या किती लागतील ते विचारायला. आत्या पदराला हात पुसत पुढे झाली.

"वेफर्स नाही होणार, ताई. चाकू तुटून तुकडा त्यात पडला. सगळं टाकलं. चूक माझी. हात वाकडा पडला."

"अहो, पण आयत्या वेळी..."

"माझ्या हातून झालं. माफ करा."

ती बाई भली होती. नाराज झाली, पण जास्त बोलली नाही. फक्त जाताना विचारलं, "कसला चाकू होता?"

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "होता एक," ती म्हणाली.

मी तिथेच ओटीच्या खांबाला टेकून उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. उघडलं नाही.

त्या रविवारी विरारला प्रदर्शन होतं. बाजारातून येताना मी लिंबं घेतली नाहीत. ठरवलं होतं की केळं काळं पडू द्यायचं आणि लोकांना खरं सांगायचं. हॉलच्या दारापर्यंत गेले. आत टेबल मांडलेलं दिसलं, त्यावर माझ्या नावाची पाटी. तिथूनच मागे फिरले. सुपरवायझरला फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे, यापुढे जमणार नाही. म्हणजे नोकरी सोडतानासुद्धा मी खोटंच बोलले.

आत्याला सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. दुपारी गेले. ती केळी सोलत होती, जुन्या स्टीलच्या सुरीने. बाजूला मीठ-हळदीचं पाणी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: फडकं, लिंबाचा रस, घरी केलेले प्रयोग, पुदिना. केळ्याची युक्ती माझीच, कंपनीची नव्हे, हेसुद्धा. तिचा हात थांबला नाही.

"सगळ्यांना तेच दाखवलंस?"

"हो."

"आणि मला वेगळं काय सांगणार होतीस तू, तुझ्या वरच्या बाई शेजारी उभ्या असताना. ते समजतं मला." तिने हातातलं केळं सोलून पाण्यात टाकलं. "पण मी फोन केला तेव्हा समोर कोण होतं? तेव्हा तू माझ्या विहिरीला नावं ठेवलीस."

मी खाली बसले.

"त्या दोघी शेजारणींना जाऊन सांगून ये," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर घेतलेत त्यांनी चाकू."

मी तशीच गेले. पहिली चिडली, दार अर्धं लावूनच बोलली. दुसरी म्हणाली, "केळी कोण कापतंय त्याने? टोमॅटोला मस्त आहे," आणि मला चहा दिला. तो पिणं जास्त जड गेलं.

आता मी एका दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहायचं काम करते. आत्याकडे जाणं-येणं आहे. जेवायला थांबवते, वाडीतली केळी देते, आमच्या बोलीत बोलते. त्या लग्नघराने पुढे तिला ऑर्डर दिली नाही, पण त्याबद्दल तिने मला कधी ऐकवलं नाही.

गेल्या महिन्यात तिला रक्तदाबाच्या नव्या गोळ्या मिळाल्या. पाकिटावरचं वाचून मी म्हटलं, "आत्या, या जेवणानंतर घ्यायच्या."

"बरं," ती म्हणाली. मग पाकीट घेऊन कुंपणापाशी गेली आणि शेजारणीच्या सुनेला हाक मारली.

"जरा बघ गं," मला ऐकू येत होतं, "या कधी घ्यायच्या लिहिलंय?"