दोन गाड्या गोटे

मुरुडला मी इंग्रजी शिकवत असताना शेजारच्या काकांनी आपल्या लॉजच्या पाटीवर ‘बीच’ हा शब्द रंगवून घेतला. मी शब्दकोश पाहून त्यांना सांगितलं, “काका, बीच म्हणजे मुळात लाटांनी गुळगुळीत झालेले गोटे. इथे तर नुसती वाळू.”

“मग खोटी पाटी आपल्याला न्हाय चालायची, मास्तर.”

त्यांनी दोन बैलगाड्या गोटे आणून लॉजसमोरच्या वाळूवर पसरले. अनवाणी पाहुणे ठेचकाळले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

आता वाळूच्या किनाऱ्यालाही बीचच म्हणतात, हे शब्दकोशात पुढच्याच ओळीत होतं. गोटे आले त्याच संध्याकाळी मी ते वाचलं, पण तोवर गोटे पसरून झाले होते, म्हणून गप्प राहिलो. वर्षभरात लॉज बंद पडलं. काका पाटी उतरवायला चढले, तेव्हा खाली शिडी मीच धरली होती.