पेरोनेलनं नाकारलेलं सुख

माझी सासू पेरोनेल आमच्या बर्गंडीच्या गावात सुईण होती, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बाळंतिणीच्या नवऱ्याला ती लाकडं फोडायला हाकलायची, पाद्रीबाबांनाही दारातच "पाय पुसा" म्हणायची. मीही तिच्याशी काही कमी भांडले नाही. पण तिला कुठं पुरलं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता गेली, म्हणून सांगते.

ओदीन ही कुंभाराची बायको. तिची दोन मुलं मेलेलीच जन्मली. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, आणि त्याविना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नाही, म्हणून दोघांना आवाराबाहेर पुरलं. पाद्रीबाबा तिची समजूत घालत होते, "देवाचं दर्शन हेच सर्वांत मोठं सुख, ते या लेकरांना नाही. पण त्यांना यातनाही नाहीत, पोरी."

पेरोनेल सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हणजे पोटाला आहे, पण बापाचं तोंड दिसायचं नाही. अनाथाचं सुख म्हणा की सरळ!"

तिसऱ्या खेपेची मुलगीही निपचितच आली. श्वास आहे का पाहायला ओठांवर पीस ठेवतात, तसं पेरोनेलनं ठेवलं. मी शेजारीच होते. पीस हललं नाही. पेरोनेल ओरडली, "हललं गं ओदीन, हललं!" आणि पाणी ओतून, बाप्तिस्मा देऊन मोकळी झाली; जीव जात असेल तर सुईणीलाही तो देता येतो.

पाद्रीबाबांना शंका आली. त्यांनी तिला शुभवर्तमानावर हात ठेवायला लावला. खोटी शपथ म्हणजे महापातक, स्वर्गाचं दार बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून पीस हलल्याची शपथ घेतली. पोरीला आवारात जागा मिळाली, आणि ओदीन दर रविवारी तिथं बसू लागली.

पुढं पेरोनेल छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. पाद्रीबाबा मरणाआधीची पापांची कबुली ऐकायला आले, मला अंगणात पिटाळलं. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, आणि कानात बोटं घालणारी बाई मी नव्हे.

"पीस हललं नव्हतं ना?"

"नाही हललं. आता पोरीला उकरणार का?"

"कबुलीतलं माझ्या तोंडून बाहेर जात नाही. मला तुझी काळजी आहे, बाई. पश्चात्ताप कर."

"म्हणजे काय करू?"

"ते केलं नसतं तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटू दे."

"नाही वाटत. एकदा खोटं बोलले. आता मरताना परत बोलायला लावता होय?"

बाबांचा आवाज कापायला लागला. "अगं, देवाचं दर्शन घालवून बसशील! त्याच्यापुढं दुसरं सुखच नाही!"

"मग माझ्या वाट्याचं त्या पोरीला द्या."

"ते असं देता येत नाही गं."

"देता येत नाही? मग ते सर्वांत मोठं कसलं?"

पाद्रीबाबा डोळे पुसतच बाहेर आले. पश्चात्ताप नाही, म्हणून मरणाऱ्याला पाद्री लावतात ते शेवटचं तेल तिला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तिलाही आवाराबाहेर पुरलं. का, ते बाबांना सांगता येत नव्हतं, आणि मलाही. एक शब्द फुटला असता तर पोरीची कबर उकरली गेली असती.

मातीला ओदीन आली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एवढं काय गं पाप केलं असेल हिनं?"

सगळं तिच्या तोंडावर फेकावंसं वाटलं.

"हट्टी होती," मी म्हटलं.

ओदीननं छातीवर क्रूसाची खूण केली, आणि ती लगबगीनं आवारात आपल्या लेकीकडं गेली.