कडूमायच्या हातावर हात

कडूमाय देवाची शपथ घेऊ देत नसे. "देवाले कोनीबी फसवते. माह्या हातावर हात ठेव, अन् मंग सांग," म्हणत ती हिरवट डाग पडलेला तळहात पुढे करायची. आपला रोगी दारूला शिवलेला नाही, हे त्या हातावर हात ठेवून सांगितलं तरच काढा मिळायचा.

ती सावरगावची, दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, तण निंदायला जाणारी. बाकीच्या बाया भुईआवळी उपटून बांधावर फेकायच्या, कडूमाय मात्र ती पदरात गोळा करून तिचाच काढा करायची. पांढुर्णा-सौंसरकडचे कावीळ झालेले लोक तिच्या दारात बसलेले असत. वाटी देण्याआधी ती स्वतः एक घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची. "गोड पाह्यजे असन तं हलवायाकडे जा!"

आम्ही रामाकोन्याचे. बाबा शाळेत हेडमास्तर, आणि मोहाची चोरून प्यायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला बी.एस्सी. करत होते. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना तपासून सांगितलं, लिव्हरवर व्रण धरून ते कडक होत चाललंय, दारू सोडण्याखेरीज औषध नाही. मला त्यातलं 'औषध नाही' एवढंच ऐकू आलं. वनस्पतींतली रसायनं नुकतीच शिकले होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मी तडक सावरगाव गाठलं.

"कावीळ उतरते, थे मी पाह्यलं हाय," कडूमाय म्हणाली. "दगड झालेल्या लिव्हरचं मले मालूम नाई. पेनं सुटलं असन तं देऊन पाहू. पेऊन राहिला काय तुहा बाप?"

आदल्याच संध्याकाळी मी बाबांच्या धोतराला येणारा वास धुऊन काढला होता. तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "नाई माय. सोडली."

मग दर रविवारी तेच. बाबा सकाळी काढा प्यायचे आणि संध्याकाळी मोहाची. हिवाळ्यात पोट फुगून ते गेले.

तेरवीला काकांनी भर मांडवात आवाज चढवला. "त्या बाईच्या काढ्यानं मारलं माह्या भावाले!" कडूमाय बस पकडून आली होती, मांडवाच्या कडेला उभी होती. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. माझं एक वाक्य पुरे होतं. मी हेडमास्तरांची अब्रू सांभाळली.

तिच्या दारात येणारे लोक आटले. पुढच्या पावसाळ्यात मी तिला शोधत शेतात गेले, तर ती भुईआवळी उपटून इतर बायांसारखी बांधावर फेकत होती.

"माय, मी खोटं बोलली."

"मले पैल्याच रविवारी कयलं होतं. हात तं माह्याच हातावर होता तुहा."

"मंग काढा देल्ला काऊन?"

"बाप वाचावा, असं तुले खरंच वाटे. त्याच्यात काई लबाडी नव्हती." तिने आणखी एक रोप उपटलं. "पन तेरवीले बोलाले पाह्यजे होतं पोरी."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

आज मी प्रयोगशाळेत त्याच भुईआवळीचा अर्क तपासते. लिव्हरवरचे व्रण त्याने भरतात की नाही, याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि नाही तर नाही असंच मी लिहिते. वरिष्ठ म्हणतात, तुम्ही फार प्रामाणिक. मी मान खाली घालते. कडूमाय गेली तेव्हा रामाकोन्यात लोक म्हणाले, हेडमास्तरला मारणारी मेली.

तेव्हाही मी गप्पच होते.