सासूबाईंच्या कपाटातला धूर

स्टॅनमोरचं आमचं घर जुनं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. नवं शतक लागून चारेक वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांना थंडी सोसेना म्हणून आम्ही कित्येक वर्षं बंद असलेली फायरप्लेस पेटवायला लागलो. संध्याकाळभर शेकून त्या वर झोपायला जायच्या आणि सकाळी डोकं धरून उठायच्या. मळमळतंय म्हणायच्या. मी भूलतज्ज्ञ. हवा बदललीय, होईल सवय, असं सांगून पॅरासिटामॉल देत होते.

पुढे धूर थोडा खोलीतच परतायला लागला, तेव्हा शेजारणीच्या सल्ल्याने धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. सत्तरीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी ब्रश काढलाच नाही. वर्तमानपत्राचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरला. ज्योत आत ओढली जायला हवी, ती जागच्या जागी थरथरत राहिली. मग आरसा आत सरकवून म्हणाला, इथे आभाळाचा तुकडा दिसायला हवा. दिसला नुसता काळोख. काजळी नखाने खरवडून बघितली, डांबरासारखी चिकट होती. लाकूड ओलं जाळता, एवढंच बोलला.

ब्रश फिरवल्यावर काटक्या, पिसं, अख्खं घरटं खाली आलं. मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, साफ झालं म्हणजे धड आहे असं नाही. धूर सोडणारी एक वडी पेटवून त्याने फायरप्लेसचं तोंड फळीने झाकलं आणि मला वरच्या सगळ्या खोल्या बघून यायला सांगितलं.

सासूबाई पलंगावर बसून स्वेटर विणत होत्या. त्यांच्यामागच्या भिंतीतल्या कपाटातून, साड्यांच्या घड्यांवरून, पांढरा धूर येत होता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, वास तर रोजच येतो असा."

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. तो वर जाऊन कपाटाची मागची भिंत चाचपून आला. धुराडं तिथूनच वर जात होतं आणि विटांमधला चुना गळून गेला होता.

"इथे कुणाचं डोकं दुखतं का?" त्याने विचारलं.

दिवसभर पेशंटच्या श्वासावर नजर ठेवणारी मी. सासूबाईंकडे नुसतं बोट दाखवलं. या धुरात झोपलेली माणसं कधी कधी उठत नाहीत, तो म्हणाला.

नवऱ्याने लगेच येऊन त्यांना हॉस्पिटलात नेलं. रात्री धुरात झोपल्याला बरेच तास उलटले होते, त्यामुळे धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड रक्तात फारसा सापडला नाही. फायरप्लेस आम्ही बुजवून टाकली आणि आठवड्याभरात त्यांचं डोकं दुखायचं थांबलं.

मग एका दुपारी मी त्यांना सगळं खरं सांगितलं, माझी चूकही.

"वासाचं सांगणार होते दोनदा," त्या म्हणाल्या. "पण तू इतकी दमून यायचीस."